जामदारखान्यातील कारकून

कुलवृत्तांत छापण्याची हौस आपल्या मराठी समाजास लागली तिचे काही श्रेय इतिहासाचार्य राजवाड्यांस दिले पाहिजे. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि गावोगावच्या माळ्यांवर उंदरांच्या स्वाधीन झालेल्या रुमालांकडे लोक आदराने पाहू लागले. त्या आदरातून संशोधन जन्मास आले तसा अभिमानही आला. आणि संशोधनापेक्षा अभिमानास खर्च कमी व फळ सत्वर, त्यामुळे तो अधिक फोफावला. आजवर आम्ही वीस-पंचवीस कुलवृत्तांत चाळले असतील. त्यांत कोणाचा मूळपुरुष सरदार, कोणाचा वकील, कोणाचा दशग्रंथी. निदान कोणा साधुपुरुषाचा अनुगृहीत तरी. ज्याने चार बुके धरून पोट भरले व जो वेळेवर मेला, असा साधा मनुष्य कोणत्याही घराण्याच्या आरंभी आम्हांस भेटलेला नाही. मग पेशवाईतील ते असंख्य कारकून, मापारी, हरकारे व शागीर्द निर्वंश झाले की काय, असा प्रश्न पडतो.

आमच्या घराण्याचा वृत्तांत १९३८ साली छापला गेला. त्यात आमच्या पूर्वीच्या आठव्या पिढीतील पुरुषासंबंधी एकच वाक्य आहे : हे महेश्वर दरबारी पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे दिवाण असून किल्ल्यालगत त्यांचा चौसोपी वाडा होता. या वाक्यावर आमच्या घरातील चार पिढ्या पोसल्या आहेत. लहानपणी भाकरी टाकून उठू लागले की, “दिवाणांच्या घरातली मुले असे करीत नाहीत” हे आम्हीही ऐकले आहे. आता वृत्तांताची दुसरी आवृत्ती निघावयाची आहे. तिच्या छपाईचा बहुतेक भार आमच्या एका चुलतबंधूंनी उचलला असून, वाड्याचे छायाचित्र पहिल्या पृष्ठावर असावे अशी त्यांची इच्छा पडली. आम्ही कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवितो आणि चाळिशीनंतर हौसेने मोडी वाचावयास शिकलो आहो. सबब ही कामगिरी आमच्याकडे आली. निघतेवेळी बंधूंनी घरच्या दप्तरातील एक जुना कागदही आमच्या हाती दिला. तो मोडीत असल्यामुळे त्यांच्या वडिलांनी तो सनद समजून जपून ठेवला होता.

इंदुराहून महेश्वर सुमारे नव्वद किलोमीटर. महूकडून मंडलेश्वराकडे उतरणाऱ्या वाटेवर, माळव्याचे पठार जेथे संपते तेथे ऐन कड्यावर जाम दरवाजा उभा आहे. तो अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतला. दरवाजाच्या सज्जात उभे राहिले म्हणजे खाली निमाड पसरलेला दिसतो, आणि त्यापलीकडे कोठे तरी नर्मदा असावी असा भास होतो. काळ्या मातीच्या थंड पठारावरून त्या भाजक्या खोऱ्यात राजधानी का न्यावी, हे तेथे उभे राहून प्रथम कळत नाही. महेश्वरी घाटावर पोहोचले की विचारावे लागत नाही.

अहिल्याबाईंचे चरित्र मराठी वाचकांस सांगत बसण्याचे कारण नाही. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती गेला, १७६६ साली सासरा गेला, १७६७ साली एकुलता पुत्र गेला; आणि त्यानंतर या बाईने महेश्वरी राहून १७९५ पर्यंत राज्य केले. फौजेचा भार तुकोजी होळकरांवर, कारभाराचा तिच्यावर. पेंढारी युद्धानंतर माळव्यात आलेल्या माल्कम साहेबाने तिला पाहिलेल्या लोकांकडे चौकशी करून जे लिहिले, ते १८२३ साली छापले गेले. परक्या जेत्याच्या लेखणीतून जित राज्यकर्त्याची इतकी निर्भेळ स्तुती क्वचितच उतरली असेल.

आमचे लक्ष वेधले ते तिच्या राहत्या वाड्याने. काशीस विश्वेश्वर, गयेस विष्णुपद, सौराष्ट्रात सोमनाथ, या ठिकाणी जिने दगडाची देवालये उभारली, तिचे स्वतःचे घर लाकडाचे व मातीचे आहे. मध्ये चौक, भोवती दुमजली ओसऱ्या, साधे लाकडी खांब, वर कौले. नाशिक-पैठणकडील एखाद्या सुखवस्तू देशमुखाचे घर याहून थोरले निघेल. सदरेवर पांढऱ्या शुभ्र वस्त्राची गादी मांडलेली आहे. तिच्यापुढे उभा राहिलेला इंग्रजी शिकलेला मनुष्यदेखील नकळत चपला कोठे काढल्या ते आठवू लागतो. वाड्यातील लिंगार्चन आजही चालू आहे : मातीची चिमुकली शिवलिंगे वळावयाची, पुजावयाची, आणि त्याच दिवशी नर्मदेत सोडून द्यावयाची. दगडाचे ते परमुलखी लोकांसाठी, मातीचे ते आपल्यासाठी, असा काही हिशेब बाईंच्या मनात होता की काय, नकळे. एवढे खरे की देवळांचा हा खर्च तिने राज्याच्या दौलतीवर न टाकता आपल्या खासगीतून केला, आणि खासगी व दौलत या दोन वह्या एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. हल्लीच्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचण्यास हरकत नाही.

किल्ल्याच्या दरवाजातून पायऱ्या खाली घाटाकडे उतरतात. वाटेत डाव्या-उजव्या बाजूंस दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत. एक अहिल्येश्वराचे देवालय. यशवंतराव होळकरांनी ते आरंभिले व कृष्णाबाईंच्या काळात पुरे झाले. दुसरी विठोजी होळकरांची छत्री. छत्रीच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरली आहे. शिल्पशास्त्रात गजथर ही नित्याची गोष्ट आहे. परंतु १८०१ साली पुण्यास दुसऱ्या बाजीरावाने याच विठोजीस हत्तीच्या पायी देऊन मारविले, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ती रांग निर्विकारपणे पाहवत नाही. त्या सुडाने पेटून यशवंतराव पुण्यावर चालून गेले, १८०२च्या ऑक्टोबरात हडपसरास पेशव्यांची फौज मोडली, बाजीराव पळाले, आणि वर्षअखेर वसईस इंग्रजांच्या कागदावर सही करून बसले. आपल्या राज्याच्या शेवटाचे एक टोक असे या छत्रीशी येऊन पोहोचते. घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांस त्याचे काही नाही. छत्रीची सावली दुपारी चांगली पडते, एवढे त्यांस माहीत आहे.

घाटांची नावे वाचीत आम्ही फिरलो : अहिल्या घाट, पेशवे घाट, फणसे घाट. पुण्याच्या पेठेतून चालल्यासारखे वाटले. फणसे हे अहिल्याबाईंचे जावई. १७९१ साली ते वारले आणि मुक्ताबाई सती गेल्या. आईने पदर पसरून विनविले, पण लेक राहिली नाही; मग बाई स्मशानात उभ्या राहिल्या आणि तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, असे माल्कम लिहितो. पाण्याशी उतरणाऱ्या पायऱ्यांवर जागोजागी उघडीच दगडी शिवलिंगे आहेत; समोर पात्रात बाणेश्वराचे एकटे देऊळ. पैलतीरी नावडातोलीची टेकाडे दिसतात. तेथे व महेश्वरी १९५२-५३ साली आमच्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी बडोद्याच्या विद्यापीठासह उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांच्या आसपास जुनी वस्ती, तिची रंगीत खापरे आणि धान्याचे जळके दाणे बाहेर काढले. आमचे पूर्वज तलवार घेऊन नर्मदा उतरले. हे कुदळ घेऊन उतरले, आणि अधिक मागे गेले. आठ पिढ्यांच्या अभिमानास ती टेकाडे फार सोयीची नाहीत.

असो. आम्हांस वाडा हवा होता.

गावात मराठी घरे अद्याप आहेत. त्यांपैकी एका निवृत्त शिक्षकांनी आमची अडचण आपली मानली. त्यांची मराठी शुद्ध असे, पण मधूनच निमाडी वळण घेई. आम्हांस ती पुण्याच्या वर्तमानपत्री मराठीहून गोड वाटली. वृत्तांतातील वाक्य ऐकून ते हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. “दादासाहेब,” ते म्हणाले, “इकडे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाचा वाडा किल्ल्यालगतच असतो. सगळे उभे केले तर नर्मदा हटवावी लागेल.” तरीही दोन दिवस ते आमच्याबरोबर उन्हात हिंडले. तिसऱ्या प्रहरी, आमच्या वृत्तांतातील खुणांशी त्यातल्या त्यात जुळणाऱ्या एका गल्लीत त्यांनी आम्हांस नेले. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी मागांचा आवाज येत होता.

खूण जुळली ती एका घराच्या जुन्या दगडी जोत्याशी. वरचे घर अलीकडचे, विटांचे. ओसरीवर एक म्हातारी कांड्या भरीत बसली होती; आत दोन माग चालू होते. एकावर घरधनी, दुसऱ्यावर त्याची सून. मोमीन विणकरांचे घर. शिक्षकांनी आमची ओळख करून दिली, आणि आम्ही, माहिती नीट सांगावी या हेतूने, पिशवीतून तो जुना कागद काढला.

माग थांबले. सून उठून आत गेली. म्हातारीच्या हातातील चरख्याचे चाक मात्र सावकाश फिरत राहिले, आणि तिने आमच्याकडे पाहिले ते आम्ही विसरणार नाही. जुना कागद घेऊन, पूर्वजांचे नाव सांगत, दारात उभा राहून जोते न्याहाळणारा सुशिक्षित मनुष्य म्हणजे या घरास काय वाटावे, हे त्या क्षणी आमच्या ध्यानी आले. घरधन्याने अत्यंत विनयाने पाणी पुढे केले आणि तितक्याच विनयाने सांगितले की, घराची कागदपत्रे आहेत, नगरपालिकेच्या पावत्या आहेत, वाटल्यास दाखवितो. आम्हांस काही दाखवू नका, असे आम्ही म्हणालो; पण असे म्हणण्याने कोणाचे समाधान होत नाही. अखेर शिक्षकांनीच युक्ती काढली : “अहो, कागदात काय आहे ते तरी वाचून दाखवा. त्यांच्या घराविषयी आहे की नाही, ते त्यांनाच ऐकू द्या.”

त्या कागदात घराविषयी अक्षर नाही. ती सनद नाहीच. इसन्ने तिसैन मया व अलफ, म्हणजे इसवी १७९१-९२ची, एका महिन्याची ती कापडाची याद आहे. शेवटी आमच्या पूर्वजाचे नाव व त्यापुढे ‘कारकून निसबत जामदारखाना’ एवढेच. लुगडी किती आली, पागोटी किती, शेले किती. कोणत्या रंगाची, कोणत्या काठाची. कोणास पोशाखादाखल दिली, शिल्लक काय. मुक्ताबाई ज्या वर्षी गेल्या तेच हे वर्ष. पण यादीस त्याची वार्ता नाही. तिला फक्त कापड दिसते.

आम्ही वाचू लागलो. रंगांची नावे आली तेव्हा घरधनी ओसरीच्या कडेवर टेकला. चौथ्या का पाचव्या ओळीत ‘बुगडी काठ’ असे शब्द आले, आणि तो एकदम म्हणाला, “बुगडी? बुगडी तर ही!” आणि आत जाऊन मागावरच्या साडीचा काठ त्याने बोटांनी उलटून दाखविला. वरून जसा, तसाच खालून. ज्याचे उलटे-सुलटे सारखे, कोणतीही बाजू वर घ्या, तो काठ म्हणजे बुगडी, असे त्याने समजावून दिले. आम्ही त्यास सांगितले की, आमच्याकडे बायका कानाच्या पाळीच्या वर जो दागिना घालतात त्यास बुगडी म्हणतात. हे त्यास नवीन होते. त्याच्याकडे शब्दाचा काठ राहिला होता, आमच्याकडे कान. म्हातारीने चाक थांबविले व दागिना कसा असतो ते विचारले. आमच्याबरोबर आमचे कुटुंब असते तर प्रत्यक्ष दाखविता आला असता. आम्ही कागदावर वाईट चित्र काढून दिले.

नंतरचे दोन तास त्या घरात फार चांगले गेले. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, ही महेश्वरीची प्रकृती. म्हणून ती हलकी असते व अंगावर उतरते. पूर्वी सारी सुतीच होती, रेशीम मागाहून आले. रेशीम बंगळूराकडून येते, सूत कोईमतूराकडून, जर सुरतेहून. येथील काय, असे विचारता त्याने आपले दोन्ही हात पुढे केले. काठांची नावे त्याने म्हणून दाखविली : चटई, ईंट, लहर, चमेली, हिरा. किल्ल्याच्या व देवळाच्या दगडावरून ही नक्षी उतरविली असे विणकर सांगतात, आणि सकाळी आम्ही जोत्यावर पाहिलेली लाटेची पट्टी दुपारी रेशमात पुन्हा दिसली, तेव्हा ते खोटे मानण्याचे आमच्या मनात आले नाही. बाईंनी सुरत-बऱ्हाणपुराकडून विणकर आणून वसविले ते दरबारी आल्यागेल्यास देण्याकरिता पागोटी व लुगडी हवीत म्हणून. म्हणजे या माणसाचे पूर्वज विणीत आणि आमचे पूर्वज मोजून वहीत धरीत, असा तो व्यवहार. १८१८ साली मंदसोरच्या तहाने होळकरांची राजधानी इंदुरास गेली. गिऱ्हाईक गेले, पुढे गिरणीचे कापड आले, आणि माग एकेक करून बसले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी रेवा सोसायटी काढून गावातील बायकांस मागावर बसविले, तेव्हापासून हा धंदा पुन्हा उभा राहिला. येथे दगड सांभाळावयास रखवालदार लागतात. कापड सांभाळण्यास ते दररोज नव्याने विणावे लागते, आणि एका सुनेने उठून आत जायचे ठरविले तर तेवढ्यापुरते ते थांबते. ती सून आता बाहेर येऊन पुन्हा मागावर बसली होती.

निघताना आम्ही एक नऊवारी विकत घेतली. ती तयार नव्हती; हल्ली सहावारीच विणतात. महिन्याने टपालाने पाठविण्याचे ठरले. जोत्याचे छायाचित्र आम्ही घेतले नाही. शिक्षकांनी कारण विचारले नाही.

पुण्यास परतल्यावर वृत्तांतमंडळाची सभा झाली. आम्ही कागदाचे बाळबोध लिप्यंतर वाचून दाखविले. बंधू बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की, जामदारखान्याचा कारकून हाच पुढे दिवाण झाला नसेल कशावरून? झालाही असेल, पण कागद तसे म्हणत नाही, असे आम्ही उत्तर दिले. एका तरुण सभासदाने ‘दरबारी अधिकारी’ असा मध्यममार्ग सुचविला, व त्यास दोघा-तिघांचे अनुमोदनही मिळाले. आम्ही म्हणालो, मजकूर मंडळ ठरवील तो छापावा. परंतु त्याखाली आमचे नाव हवे असेल तर ‘कारकून, जामदारखाना’ एवढेच शब्द जातील, आणि वाड्याच्या जागी या कागदाची प्रतिमा जाईल. बंधूंनी चष्मा पुसला. खर्च त्यांचा असल्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा होता. “माझ्या नातवंडांना मी काय सांगू?” असे ते म्हणाले, आणि त्या प्रश्नातील दुःख खरे होते, त्याची थट्टा करण्याचा आमचा अधिकार नाही. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला : कागद छापा, पण मोठा छापा.

लुगडे आले ते आम्ही आत्याबाईंकडे नेले. त्यांचे वय एक्क्याण्णव. घरातील शेवटच्या नऊवारी नेसणाऱ्या त्याच. त्यांच्या आजीच्या महेश्वरीचा वीतभर तुकडा त्यांनी देवघरात जपला आहे, आणि दिवाणगिरीविषयी त्यांनी आयुष्यात कधी आस्था दाखविलेली नाही. त्यांनी घडी मोडली, काठ उलटून पाहिला, किंमत विचारली, आणि ती ऐकून आम्हांस व्यवहार कळत नाही असे नेहमीप्रमाणे सांगितले. मग म्हणाल्या, “त्या कागदात काय काय आहे, ते वाच बघू.”

आम्ही पहिल्यापासून वाचले. प्रत्येक लुगड्यापाशी त्या आम्हांस थांबवीत व विचारीत, “रंग कोणता रे?” आणि प्रत्येक वेळी तो लिहिलेला होता.